शिटाळ्यावरची मादी

सातवं पिल्लू सापडलं तेव्हा मी ओगलेसाहेबांना फोन लावला आणि पहिलंच वाक्य शिवीने सुरू केलं. नंतर माफी मागितली नाही. आजही मागणार नाही.

पिल्लू सुरयचं होतं. सुरय म्हणजे समुद्रावरचा पक्षी, वर काळपट, खाली पांढरा, शेपटी मधोमध दुभंगलेली. वर्षाला एका जोडीचं एकच अंडं, तेही खडकाच्या कपारीत नुसतं ठेवलेलं. ना घरटं, ना आडोसा. या पिल्लाचं डोकं मागून पोखरून खाल्लं होतं आणि बाकीचं अंग तसंच टाकून दिलं होतं. आदल्या दिवशी अशीच सहा मिळाली होती.

"कुंदाताई, कुरव असेल एखादा," ओगले म्हणाले.

"श्रावणात कुरव? साहेब, ते थंडीत येणारं पाखरू, अजून घरून निघालंसुद्धा नसेल. आणि कुरव गिळतो. कुरतडत नाही. त्याला दात कधी फुटले?"

"मग समुद्री गरुड."

"गरुड पिल्लू उचलून नेतो. इथे ठेवून माझी थट्टा करत बसत नाही. उंदीर आहे हा."

 ओगले अगदी हळू आवाजात म्हणाले, "तो शब्द फोनवर नको."

इथेच माझं डोकं फिरलं.

मी कुंदा मोंडकर. वय एकोणपन्नास. पंधरा वर्षं बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला, त्यामुळे माझा आवाज कसा आहे ते सांगायला नको. २०३५ साली बेटाचा प्रकल्प आला तेव्हा त्यांना खडकावर चढणारं, होडी चालवणारं आणि लोकांना दम देऊ शकणारं माणूस हवं होतं. तिन्ही गुण माझ्यात निघाले. कागदावर बेटाचं नाव शुभ्रद्वीप. आमच्या वाडीत सगळे शिटाळा म्हणतात, कारण तो पांढरा दिसतो तो पाखरांच्या शिटीने.

प्रकल्प सुरू झाला तेव्हा शिटाळ्यावर चार हजार उंदीर होते आणि सुरयच्या अवघ्या तीनशे जोड्या उरल्या होत्या. विषाचं आमिष टाकून झालं होतं. विष खेकड्यांनी खाल्लं, पावसाने धुऊन नेलं आणि उंदीर होते तसेच राहिले. मग डॉक्टर मकरंद ओगले आले आणि त्यांनी प्रयोगशाळेतून आणखी दोनशे उंदीर आणून बेटावर सोडले. वाडीत लोक पोट धरून हसले. उंदीर मारायला उंदीर आणलेत म्हणे!

पण माणूस हुशार होता, हे मला मान्य करावंच लागेल. सोडलेले सगळे नर होते. त्यांनी मला कोळशाने खडकावर आकृती काढून समजावलं होतं. नराचं बीज दोन तऱ्हेचं असतं. एका तऱ्हेने मुलगी होते, दुसऱ्या तऱ्हेने मुलगा. या नरांच्या अंगात असं एक जनुक बसवलं होतं की, मुलगी करणारं बीज तयार होतानाच त्याची कात्रणं व्हायची. उरायचं फक्त मुलगा करणारं. म्हणजे या नराला जेवढी पोरं होतील तेवढे सगळे मुलगेच, आणि प्रत्येक मुलग्यात तेच जनुक. त्याचेही सगळे मुलगेच. विष नाही, सापळा नाही. पिढीमागून पिढी माद्या कमी होत जातात आणि एक दिवस बेटावर नुसते नर उरतात, म्हातारे होतात आणि मरून जातात.

चार वर्षांत तसंच झालं. गेल्या मे महिन्यात अकरा उंदीर उरले होते, सगळे नर, सगळे म्हातारे. आसपासच्या खडकांवर पांगलेली पाखरंही परत आली आणि सुरयच्या जोड्या अडीच हजारांवर गेल्या. खडकावर पाय ठेवायला जागा नाही एवढी पाखरं. त्यांचा कालवा ऐकला की मला लिलावाची आठवण यायची. मी त्या खडकावर बसून रडले आहे, आनंदाने. मला रडायला लाज वाटत नाही.

मग आला तो दाखला. 'उंदीरमुक्त बेट.' देशातलं पहिलं. दाखला मिळायचा तर उंदीर शून्य हवेत. अकरा म्हणजे शून्य नव्हे. तर यांनी काय केलं? जून महिन्यात ते अकरा म्हातारे सापळे लावून मारले. मी तेव्हाच ओरडले होते, की ते आपले पहारेकरी आहेत. उद्या एखादी मादी बाहेरून आलीच, तर तिला हेच नर भेटू देत, म्हणजे तिला मुलगेच होतील. ओगले म्हणाले, "मादी येणार कुठून, कुंदाताई? आपण होड्या तपासतो ना?"

तपासायचे मीच. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे त्यावरच सगळं येणार आहे.

पिल्लं सापडली त्याच दिवशी मी कपारींमध्ये हुंगण्या लावल्या. हुंगणी म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. हवेत उडालेले केस, लेंडी, श्वासातले कण ओढून घेतं आणि कोणत्या जनावराचे ते सांगतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. घरउंदीर. मादी. किनाऱ्यावरची. दूध पाजणारी.

मी उत्तर घेऊन ओगल्यांच्या कचेरीत गेले. त्यांनी वाचलं आणि दार लावून घेतलं.

"ओली बाळंतीण आहे ती," मी म्हटलं. "पोटुशीच आली असणार. पोरं खडकात आहेत. त्यात निम्म्या पोरी. दोन-तीन महिन्यांत त्या वितील. नर आपण मारून बसलोय."

"मला गणित येतं, कुंदाताई."

"मग उठा की! बसलात काय?"

"कार्यक्रम गुरुवारी आहे. चार दिवस. मुंबईहून सचिव येणार आहेत. दाखला मिळाला की पुढची चार बेटं आपल्याला मिळतात. चार! तिथे सुरयच्या वीसवीस जोड्या उरल्यात. आज मी उंदीर आहे म्हटलं, तर या जनुकावर कोणी पुन्हा विश्वास ठेवणार नाही. ती चार बेटं गेलीच समजा. एका मादीपायी?"

खोटं नव्हता बोलत तो. म्हणूनच जास्त संताप आला. खोटारड्या माणसाला फटकन बोलता येतं. या माणसाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि तो चार बेटांचा हिशोब मांडत होता. इकडे माझ्या खडकावर रोज पंधरावीस पिल्लांची डोकी खाल्ली जात होती.

"गुरुवारनंतर तरी पकडाल?"

"साधं आमिष ती घेणार नाही. सगळीकडे अंडी-पिल्लं पडलेली असताना तुमच्या सुक्या खोबऱ्याकडे कोण बघतं? एकच उपाय आहे. किनाऱ्यावर तिने आधी जे घरटं केलं असेल, ते हवं. उंदरीण आपल्या घरट्याचा वास विसरत नाही. पिल्लांनाही तो वास ओढतो. प्रयोगशाळा दोन दिवसांत त्या वासाची नक्कल करून देईल. सापळ्यात तो वास ठेवला की पोरांसकट येईल. पण घरटं कुठे? कुठल्या होडीत आली हे कोण सांगणार?"

कोणीच सांगणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. नियम तसा होता. उंदीर आणणारी होडी मोडायची. सहा वर्षं हा नियम मी स्वतः वाडीत घसा फोडून सांगितला होता. बायकांच्या बचतगटात सांगितला, सोसायटीच्या सभेत सांगितला, जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगितला. "उंदीर आणलात तर होडी मोडणार! मग बसा बोंबलत!" माझ्या तोंडून हे ऐकून पोरंसुद्धा घाबरायची. मला त्याचा अभिमान होता.

कचेरीची पायरी उतरता उतरता मला उलगडलं. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपल्यापासून, प्रकल्पाची रोज तपासलेली होडी सोडली तर, शिटाळ्याला एकच होडी लागली होती. राखणीची. आणि ती माझ्या भावाची होती.

राखण म्हणजे आमच्या वाडीचा मान. शिटाळ्यावर एक शेंदूर लावलेला दगड आहे, तो दर्याचा राखणदार. नारळीपौर्णिमेनंतर पहिली होडी त्याच्याकडे जाते, नारळ आणि भात घेऊन. या एका होडीला बेटाला लागायची परवानगी आहे. होडीत दिवा लावला की परत येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. होडी कोणी अडवायची नाही. अर्ध्या वाटेतून मागे फिरवायची नाही. आधीची पाचही वर्षं मी दिवा लावायच्या आधी जाऊन होडीची फळी न् फळी उचलून बघायचे. यंदा पोहोचले तेव्हा दिवा लागलेला होता. मी काठावर उभी राहिले आणि मनात म्हटलं, जाऊ दे, आता कसले उंदीर, जनुकाने सगळे संपवले. मी हात जोडले आणि होडी जाऊ दिली.

मी सरळ विश्रामकडे गेले. तो किनाऱ्यावर झाप रचत होता. झाप म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. पावसाळ्यात आमच्या होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. तीन महिने सुकं, उबदार, कोणी फिरकत नाही. उंदराला याहून चांगलं बाळंतघर मिळणार कुठे? आणि झाप काढले की दुसऱ्याच दिवशी राखण. इतकी वर्षं हे दोन्ही करत आलो, पण कोणाच्या डोक्यात शिरलं नाही.

"विश्रामा, होडयेत उंदीर होतो?"

तो झाप रचतच राहिला.

"अरे, मी तुका विचारतंय!"

"होतो," तो म्हणाला. खाली बघून. "फुडल्या नाळेकडच्या फळयेखाली. अर्ध्या वाटेर गेल्यार भायर इलो. माझ्या पायारसून गेलो."

"आणि तू गप रवलंस?"

"राखणीची होडी आक्का! बोलू कसो? फिरवू कसो? दिवो पेटलेलो."

"हात नव्हते तुका? वल्हं नव्हतं? ठेचायचा होता!"

"राखणीच्या होडयेत जीव मारू?" आता तो उभा राहिला. "तू होतंस मां काठार? तुझा काम होता ता. तू हात जोडलंस आणि बाजूक झालंस. माका वाटला, आक्कान बघल्यान आसतला."

माझ्या थोबाडीत बसली असती तरी बरं झालं असतं.

"बरं, परत आल्यावर का नाही सांगितलंस? दिवा विझला, बोलायला मोकळा झालास, मग?"

"होडी मोडतले म्हणान!" तो ओरडला. किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. आवाज खाली आणून म्हणाला, "आयेच्या नावाची होडी आसा. जयवंती. ती मोडून मी काय करू? दुसऱ्याच्या होडयेर खलाशी जाव? शाळेत जाणाऱ्या चेडवांका काय सांगू?"

"घरटं आहे अजून?"

"आसा. हात लावूक नाय."

"दे मला. मी नाव सांगणार नाही."

"तुझी ती यंत्रां सांगतली. माका फसवू नको, आक्का. तुझ्या जिवार मी होडी घालूचंय नाय." आणि तो पाठ फिरवून चालायला लागला. मी त्याच्या पाठीवर जे काही ओरडले ते आमच्या आईने ऐकलं असतं तर मला उंबऱ्यात घेतलं नसतं. त्याला भेकड म्हटलं. पाखरांचा खुनी म्हटलं. धाकट्या भावाला मोठ्या बहिणीने म्हणू नये ते सगळं म्हटलं.

गुरुवारी सोसायटीच्या शेडमध्ये कार्यक्रम झाला. पताका, खुर्च्या, मोठा पडदा. पडद्यावर पांढरा शिटाळा आणि हवेत उडणारी पाखरं. त्या दिवशी सकाळी मी खडकावरून एकशे बारावं पिल्लू उचललं होतं. सचिवांनी जनुकाचं कौतुक केलं. ओगल्यांनी वाडीचं कौतुक केलं. मग माझं नाव पुकारलं. शाल आणि श्रीफळ.

मी शाल घेतली नाही. माइक घेतला.

"बेट उंदीरमुक्त नाही," मी म्हटलं. "मादी आहे. व्यालेली आहे. एकशे बारा पिल्लं तिने खाल्लीत. ओगलेसाहेबांना रविवारपासून ठाऊक आहे. आणि मादी आली ती माझ्यामुळे. राखणीची होडी मी तपासली नाही. माझी चूक आहे, मला काढून टाका."

शेडमध्ये एकच गोंधळ उडाला. ओगल्यांनी डोळे मिटून घेतले. सचिव कोणाच्या तरी कानाला लागले. मागून एक जण ओरडला, "होडी कोणाची ती सांग ना!" यंदा राखणीचा मान कोणाकडे होता हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण पाहुण्यांसमोर ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. मी तोंड उघडलं. लिलावात हजार माणसांवर ओरडणारी मी, एक शब्द निघेना. जयवंती. आईचं नाव.

मागच्या रांगेतून विश्राम उठला. हातात स्टीलचा डबा होता, पोरी शाळेत नेतात तसला. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला, डबा ओगल्यांसमोर टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत कुरतडलेलं जाळं, काथ्या आणि झावळीचे तुकडे, वाटीसारखे वळवलेले.

"होडी माझी," तो म्हणाला. "घेवा ता. पाखरां वाचवा."

एवढंच बोलून तो उन्हात निघून गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर ओगल्यांनी कामात कसूर केली नाही, हे सांगायला हवं. दाखला गेला, चार बेटांचं बोलणं थांबलं आणि त्यांनी दोन दिवसांत वासाची नक्कल आणवली. आम्ही दोघांनी मिळून नव्वद सापळे कपारींत लावले. तिसऱ्या सकाळी मादी सापडली. मग एकेक करत पोरं. आठ. त्यातल्या पाच माद्या. त्यानंतर हुंगण्या तीन आठवडे गप्प राहिल्या. उरलेली पिल्लं उडायला लागली. दोन हजारांवर पिल्लं वाचली असतील. एवढं सगळं झाल्यावर मी आणि ओगल्यांनी खडकावर बसून एकाच डब्यातला भात खाल्ला. पण माझा त्यांच्यावरचा राग गेला नव्हता, आणि त्यांचा माझ्यावरचाही.

गणपती गेल्यावर होडी मोडायची तारीख आली.

किनाऱ्यावर पिवळं मशीन आणलं होतं. वाडी जमली होती. विश्रामची बायको आली नव्हती. विश्राम जयवंतीच्या नाळेला, पुढच्या उभ्या टोकाला, हात लावून उभा होता. जिल्ह्याच्या कचेरीतून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांना कायद्याने हुकूम मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. त्या चांगल्या होत्या, वाचायच्या आधी त्यांनी विश्रामला नमस्कार केला.

त्यांनी वाचलं. होडीचा क्रमांक, मालकाचं नाव, तारीख. मग कलमाचा पहिला भाग. उंदीर वाहून नेणारी होडी नष्ट करावी. मी मान खाली घातली. मला पुढचं माहीत होतं. मनात म्हणत होते, एवढ्यावरच थांबा बाई, एवढ्यावरच थांबा.

त्या थांबल्या नाहीत.

"मात्र होडीमालकाने तीन दिवसांच्या आत आपणहून कळवल्यास होडी मोडू नये. धुरी देऊन ती सात दिवसांत परत करावी. सदर मालकाने बारा दिवसांनी कळवल्याने ही सवलत लागू होत नाही."

विश्रामने मान वर केली. "ता परत वाचा, मॅडम."

त्यांनी परत वाचलं.

सहा वर्षं मी वाडीला अर्धाच नियम सांगत होते. मुद्दाम. तीन दिवसांची सवलत आहे कळलं की हे लोक ढिले पडतील, होडी तपासणार नाहीत, असं मला वाटायचं. माझ्या लोकांवर माझाच भरवसा नव्हता. धाक हवा, असं मी म्हणायचे. तो मी घातला, आणि त्या धाकाने माझा भाऊ बारा दिवस तोंड दाबून बसला. राखणीच्या संध्याकाळी होडी किनाऱ्याला लागल्यावर त्याने मला नुसती हाक मारली असती, तर होडी वाचली असती. पिल्लंही वाचली असती, सगळी. पण मला हाक मारायची कोणाची हिंमत मी ठेवली होती?

विश्राम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

"आक्का, तुका ह्या ठाऊक होता?"

"होय," मी म्हटलं.

 त्याने मशीनवाल्याकडे वळून हात केला.

"चालू कर रे," तो म्हणाला.